झेंडीशिवाय दुर्बीण

बरकतपुऱ्यातल्या त्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याची गाडी उभी असते. तिथवर आलं की एकनाथराव थांबत, हातातली पांढरी काठी सांध्यासांध्यांत दुमडत आणि कापडी पिशवीच्या तळाशी सरकवून देत. मग सदरा खाली ओढून, खांदे सरळ करून ते मोठ्या रस्त्याला लागत. गल्लीबाहेर पडणारा माणूस आंधळा नसे. छातीवर चुन्याच्या डबीएवढं काहीतरी काळं लावलेला, जरा सावकाश चालणारा एक पेन्शनर असे, एवढंच. कोळशाच्या इस्त्रीचा वास ही त्यांची खूण होती. जाताना तो आला की काठी आत, परतताना आला की काठी बाहेर. घरातून निघताना त्यांच्या मुलीला, निशिगंधेला, काठी दिसे. घरी येतानाही दिसे. मधल्या रस्त्याचं तिला ठाऊक नव्हतं.

एकनाथरावांनी उभा जन्म दुर्बिणीतून पाहण्यात घालवला होता. भालकीच्या अलीकडचं एक खेडं सोडून ते शिकायला हैदराबादला आले, शिकून पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर झाले आणि कालव्यांच्या आखणीपायी निम्मा तेलंगणा पायांखाली घातला. तिपाईवर यंत्र बसवायचं, एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावायचा आणि माळाच्या पलीकडे उभ्या असलेल्या गड्याच्या हातातल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, ही त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांच्या डोळ्यांचीच दुर्बीण करून टाकली. आधी दृष्टीच्या कडा गेल्या. बघता बघता जग एका लहानशा गोलात येऊन बसलं, जसं पूर्वी भिंगात बसे. पुढे त्या गोलातही धुकं उतरलं. गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, आणि एकनाथरावांनीही ते शांतपणे ऐकून घेतलं. आता त्यांना खिडकीचा उजेड कळे आणि अगदी जवळ आलेल्या माणसाची उभी सावली कळे. बाकीचं काम ते कानांवर आणि आठवणीवर भागवत. आवाजाच्या दिशेनं तोंड वळवावं, योग्य जागी मान हलवावी, मधूनच "हां, दिसतंय की" म्हणावं. या कलेत ते इतके तरबेज झाले होते की नव्या माणसाला संशय येत नसे. जुन्या माणसांनाही येत नाही, अशी त्यांची समजूत होती.

पत्नी गेल्यापासून त्यांच्या दिवसाला एकच खुंटी उरली होती. काचीगुड्याच्या बाजूला शिवराजअप्पांचं सुतळी-दोरखंडाचं दुकान आहे. दुकानाबाहेरच्या बाकावर रोज सकाळी अप्पा, एकनाथराव आणि जमेल तसा आणखी एखादा औराद-भालकीकडचा म्हातारा बसे. शेजारच्या हॉटेलातून चहा येई. अप्पा मोठ्यानं मराठी वर्तमानपत्र वाचत आणि वाचताना बातम्यांपेक्षा स्वतःचे शेरे अधिक ऐकवत. मराठी, दख्खनी आणि तेलुगू यांची तिथं अशी वळकटी होई की कुठली भाषा कुठं संपली ते बोलणाऱ्यालाही सांगता येऊ नये. त्या बाकापर्यंत आपल्या पायांनी जाणं आणि आपल्या पायांनी परत येणं, एवढंच एकनाथरावांचं स्वतःचं म्हणून राहिलं होतं.

तेही राहील की नाही, हा प्रश्न होता. मुलगा विक्रम पुण्यात राहतो. त्याच्याकडे वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, दिवसभर सोबतीला माणूस ठेवायची त्याची तयारी आहे. तिथं तुम्हाला काय कमी पडेल, असं त्यानं एकदा विचारलं, तेव्हा शिवराजअप्पा कमी पडतील, असं एकनाथरावांनी उत्तर दिलं होतं. विक्रम हसला होता. पण पुढं त्यानं अटही घातली होती. रस्त्यात काही झालं नाही तोवर हैदराबाद. काही झालं, की पुणे. एकनाथरावांनी ती मान्य केली होती, आणि दिलेला शब्द फिरवायची त्यांना सवय नव्हती.

छातीवरची डबी निशिगंधेच्या कंपनीची. शहराच्या पश्चिमेला काचेच्या इमारतीत तिचं काम चालतं, आणि ते काम म्हणजे लेझरनं अंतर मोजणाऱ्या यंत्राला डोळा देणं. डोळ्यांना न दिसणारा, अपाय न करणारा एक किरण समोरच्या रस्त्यावर फिरवायचा, जिथं तो आपटेल तिथून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, आणि त्यावरून पुढं काय आहे, किती लांब आहे, हे ओळखायचं. डावीकडून काही येत असेल तर डाव्या खांद्याच्या पट्ट्यात टिचकी, उजवीकडून आलं तर उजव्या. ज्यांना दिसत नाही अशा मोजक्या माणसांवर त्याची चाचणी चालू होती, आणि एकनाथराव त्यांपैकी एक होते. नियम एकच होता. डबी काठीच्या जोडीला आहे, काठीच्या जागी नाही. डबी समोरचं सांगते. खड्डा आणि पायरी काठीनंच बघायची.

पहिल्या डबीत इवलासा आरसा गरगर फिरे आणि किरण चहूकडे फेके. ती चांगली विटेएवढी होती आणि सतत घुंईं करी. एकनाथरावांनी तिचं नाव भोवरा ठेवलं होतं. रस्त्यानं जाताना लोक वळून बघत, पोरं मागं लागत, आणि एका फळवाल्यानं तर "चाचा, मिक्सर लेके निकले क्या?" असं विचारलं होतं. एवढी शोभा होतेच आहे तर काठीची काय लाज, म्हणून त्या महिन्यांत काठीही उघडी असे; अप्पांचा बाक जवळ आला की मात्र दोन्ही पिशवीत जात. पण तो काळ त्यांना मनातून बोचत राहिला.

मग निशिगंधेनं नवी डबी आणली. लहान, हलकी, आणि संपूर्ण मुकी. आत फिरणारा आरसा नाही, मोटार नाही. नखाएवढी एक चिप. मग किरण वळतो कसा, हे एकनाथरावांनी विचारलं. यंत्र कळल्याशिवाय अंगाला लावणाऱ्यांतले ते नव्हते. तिनं समजावून सांगितलं. चिपवर केसाहून बारीक अशा कित्येक वाटा शेजारी शेजारी कोरलेल्या असतात. एकच प्रकाश त्या सगळ्या वाटांत वाटून सोडायचा. प्रत्येक वाटेला लागून एक अतिसूक्ष्म शेगडी. ती तापली की त्या वाटेतला प्रकाश किंचित रेंगाळतो. एका टोकाच्या वाटेला जास्त रेंगाळवायचं, तिच्या शेजारणीला जरा कमी, तिच्यापुढच्या वाटेला आणखी कमी. मग सगळ्यांचा मिळून बाहेर पडणारा किरण आपोआप एका बाजूला वळतो. शेगड्यांचा हिशेब बदला, किरण दुसरीकडे. हलत काहीच नाही.

एकनाथरावांनी काडेपेटी मागितली, टेबलावर चाचपत चार काड्या ओळीनं मांडल्या आणि म्हणाले, "ही तर खळ्यावरची पात."

निशिगंधा हैदराबादेत जन्मली, वाढली. खळं तिनं पाहिलं नव्हतं. त्यांनी काड्या सरकवत दाखवलं. मधे खांब रोवलेला असतो, त्याला मेढ म्हणतात. मळणीच्या वेळी बैल एका दोरीत शेजारी शेजारी जुंपतात. मेढीजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी पाय टाकतो, त्याच्या शेजारचा जरा लांब, आणि कडेचा बैल सगळ्यांत झपाझप चालतो. ओळ मोडत नाही, पण अख्खी पात वळत राहते. तिला कुणी धरून वळवत नाही. कुणी किती रेंगाळायचं, यातच वळण असतं. आणि मेढीला तरुण बैल जुंपायचा नाही, तो घाई करतो आणि पात विस्कटते, असंही त्यांनी जाता जाता सांगितलं. आमच्याकडेही काही वाटा घाई करतात, असं निशिगंधा म्हणाली. पुढे तिच्या ऑफिसातली तेलुगू, तमिळ मुलंसुद्धा चिपच्या त्या ओळीला 'पात' म्हणायला लागली, हे तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा एकनाथराव दिवसभर खुशीत होते.

मुकी डबी त्यांना आवडली ती एवढ्यासाठीच नव्हे. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात, इस्त्रीच्या वासापाशी, त्यांची बोटं काठीच्या सांध्यावर गेली. रस्ता पाठ होता. खड्डे पाठ होते. डबी टिचक्या देत होती. काठी मिटली, आणि किती वर्षांनी आपण रस्त्यावर नुसतेच एक माणूस आहोत, असं त्यांना वाटलं.

हे फार दिवस टिकलं नाही. एके सकाळी अप्पांच्या दुकानाजवळ डाव्या खांद्यावर टिचकी बसली. एकनाथराव शिकवल्याप्रमाणे जागीच थांबले. टिचक्या जलद झाल्या, म्हणजे समोरचं जवळ येत होतं. ते तसेच उभे राहिले. समोरून, जरा डावीकडून, जहांगीर येत होता. हॉटेलात नव्यानंच लागलेला, चाळिशीचा माणूस, एका हातात भरल्या ग्लासांची जाळी, खांद्यावर फडकं. अरुंद जागेत दोन माणसं समोरासमोर आली की नजरेनंच एकमेकांना वाट देतात. एक डावीकडे झुकतो, दुसरा उजवीकडे. समोरचा म्हातारा थेट आपल्याकडे तोंड करून उभा आहे, तेव्हा तो सरकेल, अशा हिशेबानं जहांगीर पुढं आला. म्हातारा सरकला नाही. जाळी त्यांच्या छातीवर आपटली, ग्लास फुटले आणि उकळता चहा जहांगीरच्याच मनगटावर सांडला.

"अंधे हैं क्या?" तो कळवळून म्हणाला.

आणि एकनाथरावांच्या तोंडून गेलं, "नै."

त्या एका अक्षराशी त्यांचे पुढचे दिवस येऊन थबकले. त्यांना स्वतःला खरचटलंही नव्हतं. पण जहांगीरचं मनगट भाजलं होतं, डबीची काच तडकली होती, आणि अप्पांच्या पोरानं रिक्षातून घरी आणून सोडल्यामुळे गोष्ट लपण्यासारखी राहिली नव्हती. विक्रमचा फोन आला. तो रागावला नाही, हेच अवघड होतं. येत्या शनिवारी येतो, सावकाश सामान भरू, असं तो म्हणाला.

इकडे निशिगंधेची वेगळीच ओढाताण सुरू झाली. डबी आपण काय पाहिलं ते साठवून ठेवते. तिनं ती उघडली, सगळ्या शेगड्या एकेक करून तपासल्या, किरण भिंतीवर फिरवून पाहिला. दोष सापडेना. चिपनं जहांगीरला चांगलं लांबूनच टिपलं होतं, टिचकी वेळेवर दिली होती, एकनाथराव वेळेवर थांबले होते. तरीही धडक झाली होती. वरिष्ठांचं म्हणणं सरळ होतं. भोवऱ्याच्या एवढ्या महिन्यांत एकही धडक नाही, आणि मुक्या डबीच्या पहिल्या काही दिवसांतच ही. कारण कळो न कळो, माणसांवरची चाचणी तूर्त थांबवून फिरत्या आरशाकडे परत जावं.

"दोष सापडला असता तर बरं झालं असतं," ती जेवताना म्हणाली. "दोष दुरुस्त करता येतो. नाना, तुम्हाला काही वेगळं जाणवलं होतं का?"

नाही, असं नाना म्हणाले. दुसऱ्यांदा.

दुपारी ते खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसले. बाक गेलेलाच होता. आता मुलीची पातही मोडत होती, आणि तीही अशा दोषासाठी, जो चिपमध्ये नव्हता. विचार करता करता त्यांना खात्यातले त्यांचे पहिले वरिष्ठ आठवले. निझामाबादच्या बाजूला कालव्याची ओळ धरायचं काम होतं. तरण्या एकनाथरावांनी घाईघाईत यंत्र लावलं आणि डोळा भिंगाला. भिंगाच्या वाटेत शेतात गवत कापणारी एक बाई होती. हा माणूस काचेतून आपल्याकडेच टक लावून बघतोय, असं तिनं घरी जाऊन सांगितलं, आणि संध्याकाळी अख्खं गाव तंबूपाशी येऊन उभं राहिलं. वरिष्ठांनी गावाची समजूत घातली, मग एकनाथरावांना जवळ बसवून सांगितलं, की आधी झेंडी, मग दुर्बीण. ओळीच्या दोन्ही टोकांना लाल झेंडी लाव. तू बघतोयस एवढं पुरेसं नसतं. कुठून, काय बघतोयस, हे ज्याच्याकडे बघतोयस त्याला कळायला हवं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकनाथरावांनी झेंडीशिवाय दुर्बीण लावली नव्हती.

भोवरा घुंईं करत होता, म्हणून लोक बघत होते. काठी पांढरी होती, म्हणून लोक बाजूला होत होते. नवी डबी जगाची खबर त्यांना बिनचूक देत होती; त्यांची खबर जगाला देणारं मात्र काही उरलं नव्हतं. ती खबर द्यायची होती काठीनं. आणि काठी ते रोज स्वतःच्या हातानं गुंडाळून पिशवीत ठेवत होते.

निशिगंधा त्या दिवशी घरूनच काम करत होती. ती संध्याकाळच्या भाजीला गवार निवडायला बसली, तेव्हा ते तिच्यासमोर येऊन बसले.

"काठी पिशवीत होती," ते म्हणाले.

शेंगा मोडण्याचा आवाज थांबला. "त्या दिवशी?"

"रोज. इस्त्रीवाल्याच्या कोपऱ्यापासून पुढं."

मग तिनं विचारलं, इस्त्रीवाल्या काकांना हे माहीत आहे का. त्यांच्या देखतच तर दुमडतो, असं एकनाथरावांनी सांगितलं.

"म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत आहे," निशिगंधा म्हणाली. "आंधळी मी एकटीच."

त्यांनी ते ऐकून घेतलं. आपल्या अहवालात हे जसंच्या तसं लिही, नावानिशी लिही, असं ते म्हणाले. अहवालात नावं नसतात, चाचणीतली माणसं नुसती आकड्यांनी ओळखली जातात, असं ती म्हणाली. मग आकड्यापुढं लिही, की हा इसम डबी लावून डोळस असल्याचं सोंग करत होता. तिला हसू आलं, आणि हसता हसता तिनं नाक ओढलेलं त्यांना ऐकू आलं. विक्रमला मात्र तुम्ही सांगायचं, एवढं तिनं बजावलं.

त्यांनी फोन लावला. यंत्र चुकलं नाही, मी चुकलो, असं सांगितलं.

"आता काठी घेणार?" विक्रमनं विचारलं.

"घेणार."

"अप्पांच्या समोर?"

गाठ नेमकी कुठं आहे, हे मुलाला पुण्यात बसून कळलं होतं. एकनाथराव हो म्हणाले. शनिवारी मी येतो, असं विक्रम म्हणाला; सामान भरायला नाही, तुमच्या मागून चालायला. बघून ठरवू.

शनिवारी सकाळी इस्त्रीचा वास आला आणि एकनाथरावांची बोटं सवयीनं सांध्यावर गेली. तिथंच थांबली. इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीची घसर मधेच बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा काठी टकटकत मोठ्या रस्त्याला लागलेली होती. नवी काच घातलेली डबी छातीवर होती. मागं काही अंतरावर दोन्ही मुलं होती. रस्ता तोच होता, पण त्याचं वागणं बदललं होतं. स्कूटर आधीच वळसा घेऊन जात होत्या. एका बाईनं पोराला बाजूला ओढलं. कुणीतरी विनाकारण हळहळलं, तेही ऐकू आलं, आणि लागलंही. पण टिचक्या कमी बसत होत्या.

बाकाजवळ येऊन त्यांनी काठी दोन गुडघ्यांच्या मधे उभी धरली आणि अप्पांच्या बोलण्याची वाट पाहिली. अप्पांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"एकनाथराव, गेल्या पोळ्यापासून तुम्ही माझ्या नातवाला अप्पा म्हणून हाक मारताय," ते म्हणाले. "आम्ही म्हटलं, सांगतील तवा सांगतील. कायकू घाई?"

एकनाथराव हसले. एवढ्या मेहनतीनं केलेलं सोंग कुणी पाहतच नव्हतं, याचं वाईट वाटावं की बरं, हे त्यांना पटकन ठरवता येईना.

तेवढ्यात ग्लासांची किणकिण आली. त्या सकाळनंतरही जहांगीर बाकावरच्या इतरांना चहा देई. पण एकनाथरावांची चौकशी त्यानं कुणाकडे केली नव्हती, असं अप्पांनी हळूच सांगितलं. किणकिण जवळ आली तशी डबीनं टिचकी दिली. एकनाथराव उठून उभे राहिले. काठी त्यांनी पुढं, दिसेल अशी धरली.

"जहांगीरभाई, उस दिन तुम कुछ पूछे थे," ते म्हणाले. "हौ. मेरेकू नै दिखता."

जहांगीरनं जाळी बाकावर ठेवल्याचा आवाज झाला. मग त्यांच्या समोरची सावली जरा हलली.

"तो उसीच दिन बोलना था ना, चाचा," तो म्हणाला. "मैं समझा, बड़े आदमी हैं, मेरे जैसे के वास्ते नै हटते."

आपल्या लाजेचा असाही अर्थ कुणी लावू शकतो, हे एकनाथरावांच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला. जहांगीरनं त्यांच्या हातात चहाचा ग्लास दिला, आणि तो नीट धरला जाईपर्यंत स्वतःचा हात काढून घेतला नाही. त्याच्या मनगटावरची पट्टी त्यांच्या बोटांना लागली.

विक्रम रविवारच्या गाडीनं एकटाच परत गेला. निशिगंधेच्या अहवालावर तिच्या वरिष्ठांनी बरीच चर्चा केली आणि मुक्या डबीची चाचणी पुढं चालू ठेवली. काठी उघडी आहे की मिटलेली, हे आता डबी स्वतःच ओळखते, आणि मिटलेली असेल तर काम करायचं नाकारते. ही सुधारणा तुमच्यामुळं, असं निशिगंधा वडिलांना मधूनमधून ऐकवते. तेही ऐकून घेतात.

अप्पांच्या दुकानाजवळची ती अरुंद जागा अजून तशीच आहे. एकनाथरावांची काठी टकटकत तिथं पोचते. डाव्या खांद्यावर डबी टिचकी मारते, पण त्या बाजूनं "गरम है चाचा, गरम" असा आवाज त्याआधीच आलेला असतो.